भुलेनंतर अंग का आंबते

टाके पोटावर असतात आणि दुखते मात्र मान. अपेंडिक्स काढलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळी कुशीवर वळताना कण्हतो. खांदे भरून आलेले असतात, खोल श्वास घेतला की फासळ्या ठणकतात, जबडाही जड वाटतो. जखमेच्या दुखण्याची अपेक्षा सर्वांनाच असते. या दुखण्याची कल्पना रुग्णाला किंवा नातेवाइकांना बहुधा कोणी दिलेली नसते, त्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावर काही तरी चुकले असावे, कोणी हात जोरात ओढला असावा, अशी शंका घरात सुरू होते. खरे कारण बहुतेक वेळा भूल देताना वापरलेले एक औषध असते. पुस्तकांत त्याची नावे सक्सिनिलकोलिन किंवा सक्सामेथोनियम अशी आहेत. ऑपरेशन थिएटरात मात्र स्कोलिन हे जुने व्यापारी नावच सर्वांच्या तोंडी आहे.

हे दुखणे नेमके कसे असते ते भोर आणि वेल्हे भागातल्या माणसाला समजावून सांगायला फारशी भाषा लागत नाही. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण आणि त्यामागचा येसाजी कंक जलाशय यांच्या आसपासची गावे भाताची आहेत. आषाढात चिखलणी होते आणि लावणी सुरू होते. वर्षभर फारसे वाकायची सवय नसलेला माणूस पहिल्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओणवा राहून रोपे लावतो. त्या रात्री त्याला विशेष काही जाणवत नाही, पण दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना कंबर, मांड्या आणि खांदे आंबलेले असतात. हात लावला तरी स्नायू दुखतो, हालचाल केली की ठणका वाढतो, आणि तीन-चार दिवसांत सगळे आपोआप ओसरते. स्कोलिननंतरचे दुखणे जवळजवळ याच जातीचे आहे. फरक एवढाच की इथे दिवसभराचे श्रम झालेले नसतात. स्नायूंनी जे काही केले ते एका मिनिटात, रुग्ण बेशुद्ध असताना केलेले असते.

ते मिनिट भूलतज्ज्ञाच्या डोळ्यांसमोर घडते. आधी शिरेतून झोपेचे औषध जाते, म्हणजे थायोपेंटोन किंवा हल्ली बहुतेक ठिकाणी प्रोपोफोल. पापण्या मिटतात. मग स्कोलिन दिले जाते. साधारण वीस-तीस सेकंदांत पापण्यांच्या कडा फडफडू लागतात. जबड्याखाली बारीक थरथर दिसते, ती मानेवर उतरते, खांद्यांवरून छातीवर पसरते. कातडीखाली मुंग्या पळाव्यात तशा स्नायूंच्या लहान लहान पट्ट्या एकामागून एक उडताना दिसतात. पोट, मांड्या, पोटऱ्या असे करत लाट पायाच्या बोटांपर्यंत जाते आणि विरते. धट्ट्याकट्ट्या तरुणात ही थरथर टेबलावरचा हात उचलला जाईल इतकी जोरात असू शकते, लहान मुलात ती जेमतेम दिसते. सुमारे एका मिनिटाने अंग पूर्ण सैल पडते, जबडा उघडतो आणि श्वासनलिकेत नळी घालता येते. पाच ते दहा मिनिटांत औषधाचा अंमल संपतो आणि श्वास परत येतो.

मज्जातंतू आणि स्नायू जिथे मिळतात तिथे ॲसिटिलकोलिन हे रसायन निरोप पोहोचवते. निरोप मिळाला की स्नायू आकुंचन पावतो, रसायन क्षणात मोडले जाते आणि पुढच्या निरोपासाठी जागा मोकळी होते. सक्सिनिलकोलिनचा रेणू म्हणजे एकाला एक जोडलेले ॲसिटिलकोलिनचे दोन रेणू. त्यामुळे तो त्याच कुलपात किल्लीसारखा बसतो आणि स्नायूला आकुंचनाचा निरोप देतो, पण लवकर बाहेर निघत नाही. पहिल्या निरोपाने स्नायू उडतो आणि नंतर किल्ली कुलपातच अडकल्यामुळे दुसरा निरोप घेऊच शकत नाही. आधी थरथर आणि मग सैलपणा हा क्रम यातूनच येतो. क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या जुन्या औषधाच्या घराण्यातली दुसरी औषधे, उदाहरणार्थ व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम किंवा रोक्युरोनियम, कुलपात बसतात पण ते उघडत नाहीत. त्यांच्यामुळे थरथर होत नाही.

या औषधाचा इतिहास विज्ञानातल्या एका हुकलेल्या संधीपासून सुरू होतो. १९०६ मध्ये अमेरिकेत रीड हंट आणि रेने टाव्हो यांनी सक्सिनिलकोलिनचा अभ्यास केला, पण ज्या प्राण्यांवर केला त्यांना आधीच क्युरारे दिलेले होते. ते प्राणी आधीच लुळे पडलेले असल्याने या रसायनानेही स्नायू लुळे पडतात हे लक्षात येण्याचा मार्गच बंद झाला होता. चाळीसहून अधिक वर्षांनी, १९४९ मध्ये, डॅनिएल बोव्हे यांनी तो गुण ओळखला. बोव्हे यांना पुढे १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात, १९४२ मध्ये, माँट्रियल इथे हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेच्या भुलेत क्युरारे वापरून दाखवले होते. स्नायू सैल करणाऱ्या औषधांची गरज तेव्हापासून सर्वांना पटली. १९५१ पासून सक्सिनिलकोलिन युरोपात माणसांवर वापरले जाऊ लागले. जलद अंमल आणि तितकाच जलद उतार, असे दोन्ही गुण एकत्र असलेले दुसरे औषध तोवर हाताशी नव्हते.

स्नायूदुखीची तक्रार औषधापाठोपाठच आली. १९५४ मध्ये चर्चिल-डेव्हिडसन या ब्रिटिश भूलतज्ज्ञांनी तिच्याकडे नीट पाहिले. शस्त्रक्रिया झाल्यावर त्याच दिवशी उठून घरी गेलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांना हे दुखणे झाले, तर खाटेवर पडून राहिलेल्यांत हे प्रमाण केवळ १४ टक्क्यांच्या आसपास होते. सत्तर वर्षांनंतरही या विषयातला सर्वांत उपयोगी आकडा हाच म्हणावा लागेल, कारण त्यातून दुखणे कोणाला भोवणार ते कळते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चार दिवस पडून राहणाऱ्या रुग्णाला जखमेच्या वेदनेपुढे मानेचे दुखणे जाणवतही नाही. छोट्या शस्त्रक्रियेनंतर लगेच घरी निघालेल्याला मात्र ते सगळ्यांत जास्त त्रास देते. भाटघरच्या पाण्याच्या कडेला असलेल्या गावातली बाई पुण्यात छोटे ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी एसटीने निघते, कापूरहोळच्या फाट्याला वळते, आणि घरी पोहोचल्यावर पाणी भरायला, चुलीशी बसायला सुरुवात करते. दुखण्याच्या दृष्टीने ती याच पहिल्या गटात येते.

पुढच्या काळात यावर इतके प्रयोग झाले की २००५ मध्ये त्यांचा एकत्रित हिशेब मांडता आला. श्रायबर आणि सहकाऱ्यांनी ५२ चाचण्या आणि ५,३१८ रुग्णांची माहिती एकत्र केली. ज्यांना थरथर टाळणारे कोणतेही औषध आधी दिले नव्हते त्यांच्यापैकी ९५ टक्के रुग्णांत थरथर दिसली आणि २४ तासांनी निम्म्या रुग्णांना स्नायूदुखी होती. म्हणजे स्कोलिन मिळालेल्या दोघांपैकी एकाला हा अनुभव येतो. इतक्या वारंवार घडणाऱ्या गोष्टीला दुर्मीळ दुष्परिणाम म्हणता येणार नाही.

वय, लिंग आणि शरीराची सवय यांनुसार हे प्रमाण बदलते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक आढळते. लहान मुलांत आणि साठीच्या पुढच्या वयात ते कमी असते. गरोदरपणातही कमी असल्याचे नोंदले गेले आहे, त्यामुळे पूर्ण भूल देऊन सिझेरियन झालेल्या बाईत ते अपेक्षेपेक्षा कमी दिसते. स्नायूंना श्रमाची नियमित सवय असेल तर दुखणे कमी होते, असे साठच्या दशकातल्या एका ब्रिटिश अभ्यासाने दाखवले. लावणीच्या उपमेशी हे जुळते. लावणीच्या पहिल्या दिवशी आंबलेले अंग दहाव्या दिवशी तेच काम करून आंबत नाही, कारण स्नायू तोवर तयार झालेले असतात. वर्षभर डोंगरउतारावर राबणाऱ्या शेतकऱ्याला आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या त्याच्या शहरातल्या भावाला तेच औषध तितक्याच प्रमाणात दिले, तर दुखण्याचा वाटा शहरातल्या भावाकडे जास्त जाण्याची शक्यता आहे.

दुखणे नेमके का होते, याचे उत्तर अजून एका वाक्यात देता येत नाही. सर्वांत सहज सुचणारे उत्तर असे: थरथर जितकी जास्त तितके दुखणे जास्त. पण प्रयोगांनी हे खोटे ठरवले आहे. दणदणीत थरथर झालेला तरुण दुसऱ्या दिवशी हसत बसलेला असतो आणि जिच्यात थरथर जेमतेम दिसली ती बाई मान धरून बसते. १९७१ मध्ये वॉटर्स आणि मेपलसन यांनी मांडलेली कल्पना अधिक पटण्यासारखी आहे. स्नायूचे सगळे धागे एकाच क्षणी आकुंचन पावले तर ते एकमेकांना सांभाळून घेतात. स्कोलिनमध्ये शेजारशेजारचे धागे वेगवेगळ्या वेळी उडतात, एक ताठ झालेला आणि बाजूचा सैल, आणि त्यांच्यामधल्या नाजूक जागा घासल्या-ओढल्या जातात. औषधाचा डोस थोडा मोठा असेल तर धागे जवळजवळ एकदम उडतात आणि इजा कमी होते, असे या विचारातून निघते. २००५ च्या हिशेबाने त्याला दुजोरा दिला: दर किलो वजनामागे एक मिलिग्रॅमपेक्षा दीड मिलिग्रॅम दिल्यावर दुखणे कमी आढळले. कमी औषध म्हणजे कमी त्रास, या सर्वसाधारण समजुतीच्या हे अगदी उलट आहे.

स्नायूला खरोखर इजा होते याची खूण रक्तात मिळते. क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम वाढते, मायोग्लोबिन हे स्नायूतले प्रथिन रक्तात आणि कधी लघवीत उतरते. निरोगी माणसात पोटॅशियमही दर लिटरमागे साधारण अर्धा मिलिमोल वाढते. पेशींत कॅल्शियम शिरणे, पेशींच्या आवरणातली मेदद्रव्ये सुटणे आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होणे ही साखळीही सुचवली गेली आहे. जळजळ आणि वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिने रोखणारी औषधे या दुखण्यावर सगळ्यांत चांगली चालतात, त्यामुळे या साखळीला वजन येते.

प्रतिबंधाच्या बाबतीत जुनी रीत आणि पुरावा यांच्यात थोडी फारकत आहे. थरथर थांबवण्यासाठी स्कोलिनच्या आधी दोन-तीन मिनिटे व्हेक्युरोनियम किंवा रोक्युरोनियमचा अगदी लहान डोस देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. थरथर त्याने बऱ्याच अंशी थांबते आणि रोक्युरोनियमचा दुखण्यावरही चांगला उपयोग होतो. पण जागा असलेल्या रुग्णाला हा लहान डोससुद्धा घाबरवू शकतो. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसते, आवाज घोगरा होतो, गिळता येईनासे होते. रुग्ण काही बोलण्याच्या आत झोपेचे औषध गेलेले असते, म्हणून ही भीती बहुधा नोंदलीही जात नाही. मॅग्नेशियमने थरथर थांबते, दुखणे मात्र थांबत नाही. थरथर आणि दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा हा आणखी एक पुरावा.

शिरेतून दिलेले लिग्नोकेन स्वस्त आहे, प्रत्येक थिएटरात असते आणि दर तीन रुग्णांमागे एकाचे दुखणे टाळते. त्याहून सरस निकाल डायक्लोफेनॅकच्या वर्गातल्या वेदनाशामकांचे आहेत: अडीच रुग्णांना दिले की एकाचे दुखणे टळते. ग्रामीण रुग्णालयाच्या दृष्टीने ही मोठी सोयीची गोष्ट आहे, कारण ही औषधे तिथल्या कपाटात असतातच आणि जखमेच्या वेदनेसाठी बहुधा द्यायचीच असतात. शस्त्रक्रियेआधी दिल्यास एका औषधात दोन्ही कामे होतात. मूत्रपिंडाचा विकार, जठरातला व्रण, वेदनाशामकाने भडकणारा दमा किंवा गरोदरपण असेल तर मात्र ती टाळावी लागतात. अफूवर्गीय औषधांचा या दुखण्याच्या प्रतिबंधासाठी उपयोग दिसलेला नाही.

सगळ्यांत खात्रीचा प्रतिबंध म्हणजे स्कोलिन न वापरणे. हल्ली ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत तेच घडते. ॲट्राक्युरियम किंवा व्हेक्युरोनियम देऊन तीन-चार मिनिटे थांबायला हरकत नसेल तर स्कोलिनची गरज उरत नाही. पण घाईच्या वेळी, पोट भरलेले असताना, किंवा रक्तस्राव होत असलेल्या बाळंतिणीला पूर्ण भूल द्यावी लागली तर साठ सेकंदांत नळी घालणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो, कारण पोटातले अन्न फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. तिथे आजही स्कोलिन हाताशी असतेच. मोठ्या डोसात दिलेले रोक्युरोनियम वेगात त्याच्या जवळ जाते, मात्र नळी घालण्याच्या सोयीत स्कोलिन किंचित सरसच ठरते, असा कोक्रेन परीक्षणाचा निष्कर्ष आहे. शिवाय रोक्युरोनियमचा अंमल बराच वेळ राहतो. तो झटकन उतरवण्यासाठी सुगामाडेक्स हे औषध आहे, युरोपात २००८ पासून आणि अमेरिकेत २०१५ च्या अखेरीपासून मान्य झालेले. तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या रुग्णालयात ते नेहमी उपलब्ध असेलच असे नाही.

स्कोलिनची कुपी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. महाराष्ट्राच्या तालुक्यांतल्या अनेक खासगी रुग्णालयांत भूलतज्ज्ञ पूर्णवेळ नसतो. तो फोन आल्यावर येतो आणि एका दिवसात दोन-तीन गावे करतो. त्याच्या गाडीत लॅरिंगोस्कोप, नळ्या आणि बर्फाच्या डब्यात ही कुपी असते. बाहेर काही दिवस राहिलेली कुपी लगेच निकामी होत नाही, पण उष्म्यात तिची ताकद घटत जाते. ताकद घटलेल्या कुपीतून योग्य मात्रा दिली तरी रुग्णाला प्रत्यक्षात कमी औषध मिळते आणि नळी घालताना अंग पुरते सैल होत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या भागात थिएटरातल्या फ्रिजकडे लक्ष ठेवणे हे त्या दृष्टीने भूल देण्याच्या कौशल्याचाच भाग ठरते. भूलतज्ज्ञांचा तुटवडा लक्षात घेऊन केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी तातडीच्या प्रसूतीकरता भूल देण्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले. अशा डॉक्टरांच्या हातीही हे औषध असते.

शस्त्रक्रियेबाहेरही स्कोलिनचे एक मोठे क्षेत्र आहे. मानसोपचारात विजेचे झटके देताना पूर्वी भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देताही उपचार होत, आणि त्या झटक्यात हाडे मोडण्याचे प्रकार घडत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने ती पद्धत बेकायदा ठरवली. आता भूल आणि स्नायूशिथिलक दोन्ही आवश्यक आहेत आणि शिथिलक बहुधा स्कोलिनच असते. उपचार आठवड्यातून दोन-तीनदा होत असल्याने अंगदुखी पुन्हा पुन्हा उद्भवते, आणि ती औषधाची की झटक्याची हे वेगळे करणे सोपे नसते. आधीच उदास असलेला रुग्ण तिच्यामुळे उपचार सोडू पाहतो, म्हणून इथे वेदनाशामक आठवणीने देणे जास्त महत्त्वाचे आहे.

ऑपरेशननंतर अंग दुखले की प्रत्येक वेळी कारण स्कोलिनच असते असे नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटल ताणले आणि चाळवले जाते, आणि श्वासपटलाची नस मानेतूनच निघत असल्याने वेदना खांद्याच्या टोकाला जाणवते. गावोगावच्या शिबिरांत दुर्बिणीने नसबंदी झालेल्या अनेक बायकांनी हा खांदा अनुभवलेला आहे, आणि तिथे भूल बहुधा स्थानिक असल्याने स्कोलिनचा संबंधही नसतो. हे दुखणे उठून बसले की वाढते आणि आडवे पडले की कमी होते. स्कोलिनचे दुखणे स्नायू हलवला किंवा दाबला की वाढते. तासन्‌तास एकाच अवस्थेत, पाय वर टांगून किंवा मान एका बाजूला वळवून ठेवल्यानेही अंग अवघडते. शस्त्रक्रियेनंतर हुडहुडी भरली तर तिचाही ठणका राहतो. 

पाठीतल्या भुलेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तिच्यावर असलेला आरोप फार पक्का आहे. सिझेरियन झालेली बाई दहा वर्षांनीही कंबर धरून सांगते की पाठीत इंजेक्शन दिले तेव्हापासून हे सुरू झाले. सुई टोचली त्या जागी आठवडाभर दुखू शकते, हे खरे आहे. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला पडलेल्या छिद्रातून मेंदूभोवतीचे द्रव गळत राहिले तर बसल्यावर वाढणारी डोकेदुखी आणि मान आखडणे हेही होऊ शकते. सुन्न करण्यासाठी लिग्नोकेन वापरले तर पहिल्या दोन दिवसांत नितंब आणि मांड्या दुखतात, असे १९९३ पासून नोंदले गेले आणि म्हणून आता बुपिव्हाकेनला पसंती आहे. कायमच्या कंबरदुखीची गोष्ट वेगळी. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये ११ हजारांहून अधिक बाळंतिणींच्या पाहणीत पाठीतल्या वेदनाशमनाशी तिचा संबंध सुचवला गेला. त्यानंतर बाळंतपणाआधीपासून स्त्रियांची नोंद ठेवून केलेल्या अभ्यासांत तो टिकला नाही. कंबरदुखी ज्या स्त्रियांना सुई लागली त्यांच्यात जितकी, तितकीच न लागलेल्यांतही आढळली. गरोदरपणात सैल झालेले सांधे, फाकलेले पोटाचे स्नायू, वाकून बाळाला पाजणे आणि बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी ही तिची खरी कारणे आहेत. सुईवर ठपका ठेवला की या कारणांवर उपचार होत नाहीत, आणि पुढच्या बाळंतपणात तीच बाई सुरक्षित भूल नाकारते.

स्कोलिनची साधी अंगदुखी निरुपद्रवी असली तरी याच औषधाचे काही परिणाम जिवावर बेतणारे आहेत. भाजून एक-दोन दिवस उलटून गेलेला रुग्ण, मणक्याला मार बसून पाय लुळे पडलेला रुग्ण, अतिदक्षता विभागात दीर्घकाळ पडून असलेला रुग्ण यांच्यात पोटॅशियम एकदम धोकादायक पातळीला जाऊन हृदय थांबू शकते. निदान न झालेला स्नायूंचा अनुवांशिक विकार असलेल्या लहान मुलांतही तसेच घडते, म्हणून मुलांत हे औषध निकडीच्या प्रसंगापुरतेच ठेवतात. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात डेनबरो आणि लोव्हेल यांनी ओळखलेला घातक ज्वर हा त्याहून दुर्मीळ प्रकार आहे. जबडा सैल होण्याऐवजी लाकडासारखा घट्ट होतो, शरीर तापते, श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. डँट्रोलीन हे त्यावरचे औषध.

काहींच्या रक्तात स्कोलिन मोडणारे एन्झाइम जन्मतःच कमी असते. त्यांचा श्वास दहा मिनिटांऐवजी काही तास परत येत नाही आणि तोवर यंत्रावर ठेवावे लागते. भारतात आर्य वैश्य म्हणजे कोमटी समाजात या एन्झाइमचा एक विशिष्ट दोष आढळला आहे, आणि हा समाज मराठवाड्यासह महाराष्ट्रातही आहे. म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ घरात कोणाला ऑपरेशननंतर उशिरा शुद्ध आली होती का, हे विचारतात. कीटकनाशकांतली ऑरगॅनोफॉस्फेट द्रव्ये हेच एन्झाइम निष्क्रिय करतात. शेतीच्या भागात फवारणीची किंवा विषबाधेची हकीकत विचारणे त्यामुळे तितकेच महत्त्वाचे ठरते.

साध्या अंगदुखीला उपचार साधेच आहेत. पॅरासिटामॉल किंवा डॉक्टरांनी चालेल असे सांगितलेले दुसरे वेदनाशामक, गरम पाण्याचा शेक, हलके चालणे, मान आणि खांद्यांची सावकाश हालचाल. दुखणे पहिल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते, दोन-तीन दिवस राहते आणि क्वचित आठवडाभर रेंगाळते. उसण भरली समजून मान पिरगाळून घेणे किंवा जोरात मालिश करणे टाळावे, कारण इजा झालेल्या स्नायूला त्याने आणखी त्रास होतो. लघवी चहासारखी गडद होणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, ताप येणे, हातापायातली ताकद जाणे किंवा बसता क्षणी डोके फुटेल असे दुखणे ही लक्षणे मात्र आंबलेल्या अंगाची नव्हेत. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

यातले बरेचसे काम शस्त्रक्रियेच्या आधीच्या पाच मिनिटांत होऊ शकते. भूलतज्ज्ञ तपासणीला येतो तेव्हा उद्या मान-खांदे आंबतील, घाबरू नका, एवढे सांगितले की दुसऱ्या दिवशी घरात उठणाऱ्या शंका बहुतांशी मिटतात. रुग्णाच्या बाजूनेही एक गोष्ट उपयोगी आहे. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव, टाके काढण्याची तारीख आणि गोळ्या सविस्तर असतात. भुलेचा रकाना मात्र बहुधा दोन अक्षरांत संपतो: पूर्ण भूल असेल तर जी.ए., पाठीतली असेल तर एस.ए. कोणते औषध दिले, नळी घालताना काही अडचण आली का, शुद्ध यायला उशीर झाला का, हे भुलेच्या वेगळ्या कागदावर लिहिलेले असते आणि तो कागद रुग्णालयातच राहतो. घरी निघताना त्यातल्या दोन ओळी कार्डावर उतरवून मागता येतात.